मार्शल गेले, विद्यार्थी लिहायला बसले: १९२४ मधल्या एका स्मरणाचा प्रकरण अभ्यास

१३ जुलै १९२४ रोजी केंब्रिजमधल्या मॅडिंग्ली रोडवरच्या 'बॅलिओल क्रॉफ्ट' या आपल्या घरी अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल वारले. आणखी तेरा दिवसांनी त्यांना ब्याऐंशी वर्षं पूर्ण झाली असती. प्राध्यापकपद त्यांनी १९०८ मध्येच सोडलं होतं, त्यामुळे त्या वर्षी विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांपैकी कुणीच त्यांना वर्गात पाहिलेलं नव्हतं. पण त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं तोवर मोक्याच्या जागांवर जाऊन बसली होती. आर्थर सेसिल पिगू त्यांच्याच जागेवर प्राध्यापक होते. जॉन मेनार्ड केन्स 'इकॉनॉमिक जर्नल'चे संपादक होते. वॉल्टर लेटन 'द इकॉनॉमिस्ट' चालवत होते.

१९२५ संपेपर्यंत या विद्यार्थ्यांकडून तीन गोष्टी झाल्या. केन्सनी मृत्युलेख लिहिला, पिगूंनी विद्यापीठात स्मृतिव्याख्यान दिलं, आणि मग पिगूंच्याच संपादनाखाली एक स्मृतिग्रंथ निघाला. शंभर वर्षं उलटली तरी मार्शल माणूस म्हणून कसे होते हे सांगताना आजही लोक याच तीन ठिकाणी जातात. म्हणून हे प्रकरण मला तपासून बघावंसं वाटलं. स्मृतिग्रंथ हा प्रकार मराठी वाचकाला नवा नाही. त्यातले निम्मे लेख 'सरांचे माझ्यावर अनंत उपकार आहेत' याच्या पुढे सरकत नाहीत, आणि उरलेल्या निम्म्यांत सर कमी नि लेखक जास्त असतो. केंब्रिजच्या मंडळींनी यातलं काय टाळलं, काय त्यांनाही टाळता आलं नाही, हे पाहण्यासारखं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: विद्यार्थ्यानं जे स्वतः पाहिलं तिथे हे लेखन अव्वल आहे, आणि जे ऐकून लिहिलं तिथे ते घसरलं आहे. मधली रेघ मात्र वाटते तितकी ठळक नाही.

शिक्षक कोण होता

मार्शल मूळचे गणिताचे. १८६५ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते दुसरे आले. पहिला आलेला तरुण पुढे लॉर्ड रॅले या नावानं भौतिकशास्त्रात गाजला. गणिताकडून तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्र, आणि तिथून अर्थशास्त्र, अशी त्यांची वाट गेली. सुट्टीत ते निरनिराळ्या शहरांच्या गरीब वस्त्यांमधून हिंडत, लोकांचे चेहरे बघत. एकदा दुकानाच्या काचेमागे त्यांना एक छोटं तैलचित्र दिसलं. परिस्थितीनं पार खचलेल्या एका माणसाचा ओढलेला चेहरा त्यात होता. काही शिलिंग देऊन त्यांनी ते घेतलं, कॉलेजातल्या खोलीत शेकोटीच्या वर लावलं, आणि त्या अनामिकाला ते आपला संत म्हणू लागले. ही आठवण त्यांनी स्वतःच लिहून ठेवली होती.

१८७७ मध्ये त्यांनी मेरी पेलीशी लग्न केलं. लग्न केलं की फेलोशिप, म्हणजे कॉलेजातलं पद, सोडायची असा तेव्हा नियम होता. त्यामुळे केंब्रिज सुटलं, ब्रिस्टलच्या नव्या कॉलेजचं प्राचार्यपद आलं, मग थोडा काळ ऑक्सफर्ड, आणि केंब्रिजचे प्राध्यापक हेन्री फॉसेट वारल्यावर १८८४ च्या अखेरीस अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून परत केंब्रिज. १८९० मध्ये 'प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स' हे पुस्तक आलं. मागणीची लवचिकता, उपभोक्त्याचं संतोषाधिक्य, अल्पकाळ आणि दीर्घकाळ यांतला फरक, हे सगळं आज अकरावी-बारावीची मुलं पाठ करतात ते त्या पुस्तकातल्या मांडणीमुळे. १९०३ मध्ये त्यांनी केंब्रिजमध्ये अर्थशास्त्राची स्वतंत्र पदवी परीक्षा सुरू करून घेतली. त्याआधी हा विषय नीतिशास्त्र-तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात कोपऱ्यात बसलेला असे.

अभ्यासिकेतला तास

मार्शलच्या विद्यार्थ्यांच्या आठवणी वाचताना आधी एक गोष्ट बुचकळ्यात पाडते. त्यांची व्याख्यानं चांगली होती असं कुणी फारसं म्हणत नाही. ती आखीव नसत, विषय चालू घडामोडींकडे कुठेही वळे. तासानंतर वहीत सुसंगत टिपणं उरत नसत, असं केन्स स्वतःच्या अनुभवावरून सांगतात. परीक्षेच्या हिशेबानं पाहिलं तर हा शिक्षक गैरसोयीचाच. तरी १८८८ सालीच हर्बर्ट फॉक्सवेल लिहून गेले होते की ब्रिटनमधली अर्थशास्त्राची निम्मी प्राध्यापकपदं मार्शलच्या विद्यार्थ्यांकडे आहेत. मग हे घडत कुठे होतं?

एक जागा म्हणजे तपासलेले पेपर. केन्स १९०५ मध्ये गणिताची पदवी घेऊन मार्शलकडे आले, जेमतेम एका सत्रापुरते. अर्थशास्त्राची पदवी परीक्षा त्यांनी कधी दिलीच नाही. पण त्या थोड्या काळात लिहिलेली उत्तरं त्यांनी जपून ठेवली होती. त्यांवर मार्शलनी लाल शाईत लिहिलेले शेरे जवळजवळ मूळ उत्तराइतकीच जागा व्यापतात, असं ते नोंदवतात. ही आठवण मला मोलाची वाटते, कारण ती मोजता येते. 'सर फार बारकाईनं तपासायचे' या वाक्यानं हे काम झालं नसतं.

दुसरी जागा म्हणजे घर. ठरलेल्या वेळी मार्शल घरी असत आणि विद्यापीठातल्या कुणीही यावं, वर्गात येत असो वा नसो, अशी त्यांची जाहीर सूचना असे. चहा मिळे, पुस्तकं मिळत. पुढे पदरचे वर्षाला शंभर पौंड देऊन ते तरुण व्याख्याता नेमत. पिगूंनी अशी सुरुवात केली, आणि प्राध्यापक झाल्यावर पिगूंनीही हाच शिरस्ता चालू ठेवला. त्यातूनच केन्सना पहिली व्याख्यानं मिळाली. स्मृतिलेखात पैशाचा उल्लेख करणं लोकांना प्रशस्त वाटत नाही. या मंडळींनी तो केला, आणि बरंच झालं. विभाग नावाची गोष्ट कशावर उभी राहिली ते त्याशिवाय कळलं नसतं.

पण या सगळ्यांत मला सर्वांत मोठी वाटते ती सी. आर. फे यांची आठवण. फे पुढे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक झाले. प्रबंधासाठी विषय हवा होता, म्हणून पिगूंनी त्यांना मार्शलकडे धाडलं. मार्शलनी विचारलं, काही विषय मनात आहे का. नाही म्हटल्यावर त्यांनी एक लहानशी काळी वही काढली आणि तिच्यातली विषयांची यादी वाचायला सुरुवात केली. आवडीचा विषय आला की हात वर करायचा, अशी आज्ञा. घाबरलेल्या फेंनी पहिल्याच विषयाला हात वर केला. मार्शलनी लक्षच दिलं नाही, वाचत राहिले. पुढे जर्मनीतल्या आर्थिक पेचप्रसंगाचा विषय आला. फे एका उन्हाळ्यात जर्मनीत राहून आले होते, म्हणून त्यांनी होकार भरला. हा तुला अजिबात जमणार नाही, म्हणून मार्शल पुढे गेले. मग अर्जेंटिनाचं नाव कानावर आलं. फेंचे दोन काका तिथे व्यापारात होते, एवढ्या भांडवलावर त्यांनी पुन्हा आवाज केला. स्वतः गेला आहेस का? नाही. वाचन पुढे चालू. शेवटी मार्शल थांबले नि म्हणाले, सापडला का विषय? फे चाचरत म्हणाले, माहीत नाही. कुणालाच कधी माहीत नसतं, पण माझी पद्धत ही अशी आहे. आता सांग, तुला काय करायला आवडेल? तेव्हा फेंच्या तोंडून एका दमात निघालं की जर्मन आणि इंग्रज कामगारांची तुलना.

एव्हाना अंधार पडला होता. मार्शलनी बटण दाबून लागणारा एक छोटा विजेचा कंदील घेतला आणि ते कपाटांमधून फिरू लागले. जर्मन, इंग्रजी मिळून तीसेक पुस्तकं त्यांनी फेंपुढे काढून ठेवली. आता ही नुसती हुंगत बस, झालं की नळीतून फुंकर मार, सारा चहा आणून देईल, असं सांगून ते निघून गेले. (सारा ही त्यांच्या घरची जुनी मोलकरीण. नळी म्हणजे खालच्या मजल्यावर बोलावणं पाठवायची तेव्हाची सोय.)

या हकिगतीत 'प्रेरणा' हा शब्द कुठेच येत नाही. शिक्षक थोडा विक्षिप्त दिसतो, विद्यार्थी बऱ्यापैकी बावळट दिसतो, आणि तरीही मार्शल कसं शिकवत याचं इतकं नेमकं वर्णन दुसरं नाही. पहिले तीन होकार भीतीपोटी, सोयीपोटी, नातेवाइकांच्या भरवशावर आले होते. ते एकापाठोपाठ एक नाकारले गेले. मुलाकडून स्वतःचं वाक्य बाहेर येईपर्यंत मार्शल वाट बघत राहिले, आणि ते आल्याबरोबर एका क्षणाचीही चर्चा न करता पुस्तकं काढायला उठले. ती यादी खरोखर विषय निवडायला होती की मुलाला कंटाळून खरं बोलायला लावायला, हे फे सांगत नाहीत. मला दुसरी शक्यता जास्त खरी वाटते. फेंनी आपला अर्थ त्यावर लादला नाही म्हणून तर मला असा अंदाज करायला जागा राहिली.

साठ पानांचा मृत्युलेख

मार्शल जुलैत गेले आणि 'इकॉनॉमिक जर्नल'च्या सप्टेंबर १९२४ च्या अंकात केन्सचा लेख छापून आला. सुमारे साठ पानं. आजच्या संपादकाला घाम फुटेल अशी लांबी, पण इथे संपादक आणि लेखक एकच होते.

एवढं साहित्य इतक्या लवकर कुठून मिळालं, हे केन्सनी लेखाच्या पहिल्याच तळटीपेत सांगून टाकलं आहे. मेरी मार्शल यांनी कागदपत्रं हवाली केली, स्वतः टिपणं लिहून दिली, आणि मार्शलनी अधूनमधून लिहून ठेवलेले आत्मचरित्राचे तुकडेही होते. फेंची हकिगत याच लेखात छापली गेली. म्हणजे एका नावानं आलेला हा लेख प्रत्यक्षात बऱ्याच जणांच्या आठवणींवर उभा आहे. त्यातली सर्वांत मोठी वाटेकरीण तळटीपेत आहे. तिच्याकडे पुढे येतो.

केन्सच्या लेखाचं वेगळेपण असं की गुरू जाऊन दोन-अडीच महिने झालेले असताना त्यांनी गुरूवर उघड टीका केली. मार्शल आपले विचार वर्षानुवर्षं दाबून ठेवत, ही त्यांची मुख्य तक्रार. परदेशी व्यापारावरचा त्यांचा सिद्धान्त १८७९ मध्ये केंब्रिजचे तत्त्वज्ञ हेन्री सिज्विक यांनी खासगीरीत्या मोजक्या लोकांसाठी छापून घेतला होता. चलनाबद्दलचे विचार तर त्यांचे विद्यार्थी तोंडी ऐकत आले होते. या विषयांवरचं पुस्तक निघालं १९२३ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी जे नवं होतं ते छापून येईपर्यंत इतरांच्या हातून येऊन गेलं होतं. अर्थशास्त्रज्ञानं जाडजूड ग्रंथाची हौस ॲडम स्मिथवर सोडावी आणि स्वतः पत्रकं काढून वाऱ्यावर सोडावीत, अशा अर्थाचा सल्ला केन्सनी याच लेखात दिला. हा सल्ला किती टिकाऊ आहे यावर वाद होऊ शकतो. देणारा कोण आहे हे मात्र त्यातून चांगलं कळतं. केन्स स्वतः असंच लिहीत आले होते, तेव्हा इथे शिष्य गुरूबद्दल बोलता बोलता स्वतःची बाजूही मांडून घेतो आहे. स्मृतिलेखात लेखक डोकावणारच. इथे तो निदान एका मुद्द्यावर डोकावतो, फोटोत पुढे येऊन उभा राहत नाही.

चांगल्या अर्थशास्त्रज्ञात गणिती, इतिहासकार, मुत्सद्दी आणि तत्त्वज्ञ थोडाथोडा असावा लागतो, हे आता जिथेतिथे उद्धृत होणारं केन्सचं मत मुळात या लेखातलं. मार्शलकडे यातलं बरंच होतं आणि सगळं नव्हतं, असा त्याचा रोख आहे. संदर्भ तोडून ते भिंतीवर लावलं जातं तेव्हा हा रोख गळून पडतो.

१९३३ मध्ये केन्सनी हा लेख आपल्या चरित्रलेखांच्या संग्रहात घेतला आणि अर्थशास्त्रज्ञ योजेफ शुंपीटर यांच्यासारख्या कठोर वाचकानं त्याची तोंडभरून स्तुती केली. साहित्य म्हणून ती योग्यच आहे.

पिगूंचं व्याख्यान आणि ग्रंथ

पिगू स्वभावानं केन्सच्या उलट. भिडस्त, समारंभ टाळणारे. 'हे सगळं मार्शलमध्ये आहे' हे वाक्य ते विद्यार्थ्यांना ऐकवत असत, अशी त्यांची ख्याती. ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी केंब्रिजमध्ये स्मृतिव्याख्यान दिलं. मार्शलना अर्थशास्त्र कशासाठी हवं होतं, यावर त्यात भर होता: माणसांचं जगणं सुधारण्याचं साधन म्हणून. दुसऱ्या क्रमांकाचा गणिती असून मार्शलनी आपलं गणित तळटीपांत आणि परिशिष्टांत लपवलं ते याच कारणानं. व्याख्यान भक्तिभावाचं आहे, त्यात केन्सची धार नाही. मी ते एकदा वाचून पुरे म्हणेन.

पण पिगूंचं खरं काम १९२५ मध्ये मॅकमिलननं काढलेला ग्रंथ हे आहे. त्यात केन्सचा लेख, पिगूंचं व्याख्यान, फ्रान्सिस एजवर्थ, फे आणि ई. ए. बेनियन्स यांच्या आठवणी हे सगळं पुढच्या भागात आटोपतं. उरलेल्या मोठ्या भागात पिगूंनी मार्शलचे विखुरलेले लेख आणि त्यांची पत्रं छापली. शिष्यांनी थोडक्यात बोलून गुरूला बोलू दिलं. स्मृतिग्रंथ काढणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट उचलली तरी कितीतरी ग्रंथ वाचनीय होतील.

त्या पत्रांमधलं सर्वांत प्रसिद्ध १९०६ सालचं, संख्याशास्त्रज्ञ ए. एल. बोली यांना लिहिलेलं. अर्थशास्त्रात गणित वापरायचं ते लघुलिपीसारखं; काम होईपर्यंत ते धरून राहायचं, मग त्याचं साध्या इंग्रजीत भाषांतर करायचं, मग खऱ्या आयुष्यातली महत्त्वाची उदाहरणं द्यायची, आणि गणित जाळून टाकायचं. उदाहरणं सापडली नाहीत तर भाषांतरही जाळायचं. हे खासगी पत्र ग्रंथात आलं नसतं तर ते बोलींच्या कागदांत पडून राहिलं असतं. भारतीय विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना लिहिलेली पत्रंही त्यात आहेत. इंग्लंडला येणारे हिंदी तरुण वकिलीकडे आणि भाषणांकडे ओढले जातात, जपानी तरुण मात्र परत जाऊन देशाच्या काय कामी येऊ याचा विचार करतो, अशी मार्शलची कुरकूर होती, आणि टाटांसारखी काही माणसं आणखी निपजली तर हिंदुस्थानचं चित्र पालटेल असं ते लिहितात. साम्राज्याच्या राजधानीजवळ बसून केलेला हा उपदेश आज खटकतो. पिगूंनी तो कापला नाही, म्हणून तो खटकायला उरला.

जे त्यात नाहीत

आठवणींच्या ग्रंथाचा अभ्यास करताना अनुक्रमणिका दोनदा वाचावी. दुसऱ्यांदा, कोण नाही ते शोधायला.

फॉक्सवेल नाहीत. निम्म्या प्राध्यापकपदांचं ते वाक्य ज्यांचं, ते फॉक्सवेल मार्शलचे सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी एक, मग सहकारी, मग मित्र. १९०८ मध्ये मार्शलच्या जागेसाठी ते उमेदवार होते, वय अठ्ठावन्न. मार्शलनी आपलं वजन तिशीतल्या पिगूंच्या पारड्यात टाकलं आणि निवड पिगूंची झाली. फॉक्सवेलना तो घाव लागला. १९२५ मध्ये ते हयात होते, पुढेही अकरा वर्षं जगले. ज्या निवडीनं ते दुखावले तिचाच लाभ झालेला माणूस ग्रंथाचा संपादक होता. यात कुणाचा डाव शोधायची गरज नाही. गुरूच्या पसंतीतून वर आलेले शिष्य जेव्हा स्मरणाची सूत्रं हाती घेतात, तेव्हा नापसंत ठरलेल्यांची आठवण आपोआप बाहेर राहते.

दुसरी अनुपस्थिती याहून मोठी आहे. मेरी पेली या मार्शलच्या पत्नी, पण त्याआधी त्यांच्या विद्यार्थिनी. १८७१ मध्ये केंब्रिजमधल्या न्यूनहॅम या मुलींच्या कॉलेजच्या पहिल्या पाच मुलींपैकी त्या एक. १८७४ मध्ये त्यांनी पुरुषांच्याच प्रश्नपत्रिका सोडवल्या, अर्थात अनौपचारिकपणे, कारण मुलींना परीक्षेला बसायचा अधिकारच नव्हता. परीक्षकांपैकी दोघांनी पहिला वर्ग दिला, दोघांनी दुसरा. पुढे त्यांनी न्यूनहॅममध्ये आणि ब्रिस्टलमध्ये अर्थशास्त्र शिकवलं. 'इकॉनॉमिक्स ऑफ इंडस्ट्री' हे १८७९ चं पुस्तक पतिपत्नींच्या जोडनावानं निघालं, आणि त्याची सुरुवात मेरींनी केली होती. मार्शलना ते नंतर नकोसं झालं. १८९२ मध्ये तशाच नावाचं दुसरं पुस्तक त्यांनी एकट्याच्या नावानं काढलं आणि जुनं बाजारातून गेलं. जुनं पुस्तक चांगलं होतं असं केन्सचं मत होतं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

तेव्हा १९२४ मध्ये हयात असलेल्यांत मार्शलचा वर्ग इतक्या आधी आणि इतकी वर्षं पाहिलेली दुसरी व्यक्ती सापडणं कठीण होतं. स्मृतिग्रंथात त्यांच्या नावावर एकही लेख नाही. त्यांनी टिपणं पुरवली, पुरुषांनी लेख लिहिले. मार्शलच्या पहिल्या तासाची त्यांची आठवण (मार्शल फळ्याजवळ अवघडून उभे आहेत, बोटांत पिसाची लेखणी वाकवता वाकवता ती उडून जाते, आणि डोळे चमकताहेत) वाचकांपर्यंत पोचली ती त्यांच्या मृत्यूनंतर: १९४४ मध्ये केन्सनी त्यांच्यावर लिहिलेल्या लेखातून, आणि १९४७ च्या त्यांच्या छोट्या आत्मकथनातून. फेंच्या हकिगतीच्या तोडीची ही आठवण वीस वर्षं उशिरा आली.

मार्शलची बायकांच्या शिक्षणाबद्दलची भूमिका याच विषयाला लागून येते. सुरुवातीला न्यूनहॅमच्या मुलींना शिकवणारे मार्शल १८९६ मध्ये स्त्रियांना केंब्रिजची पदवी देण्याच्या विरोधात उभे राहिले. ठराव १८९७ मध्ये पडला. पूर्ण पदवी मिळायला १९४८ उजाडलं. केन्सनी हे टाळलं नाही, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं. त्यांची आई स्वतः न्यूनहॅमची. पण त्यांनी दिलेलं कारण पाहा. मार्शलचे वडील घरात हुकूमशहा होते, त्यांनी पुरुषांचे हक्क आणि बायकांची कर्तव्यं अशा मथळ्याची पुस्तिका लिहिली होती, आणि तो रक्तातला कल चौपन्नाव्या वर्षी बुद्धीवर मात करून गेला, असा केन्सचा सूर आहे. वाचायला छान वाटतं. मार्शलनी त्या वादात तर्क लढवले होते, पत्रक काढलं होतं. त्या तर्कांना उत्तर देण्याऐवजी केन्सनी जबाबदारी मेलेल्या बापावर ढकलली. आणि बापाबद्दल केन्सना जे माहीत होतं ते सगळं ऐकीव होतं.

पुढे काय झालं

मार्शलनी आपली पुस्तकं विद्यापीठाला दिली होती. १९२५ मध्ये मार्शल ग्रंथालय सुरू झालं आणि पंचाहत्तरीला आलेल्या मेरी मार्शल बिनपगारी मदतनीस म्हणून तिथे बसू लागल्या. सायकलवरून येत. पुढे बरीच वर्षं केंब्रिजमधल्या अर्थशास्त्राच्या मुलांना मार्शल म्हणजे त्या पुस्तकांमागे बसणाऱ्या या वृद्ध बाई, असाच परिचय होता.

विचारांच्या पातळीवर शिष्यांनी फार काळ हात जोडून ठेवले नाहीत. डिसेंबर १९२६ च्या 'इकॉनॉमिक जर्नल'मध्ये पिएरो स्राफा या तरुण इटालियन अर्थशास्त्रज्ञाचा लेख आला. स्पर्धेतल्या उत्पादनसंस्थेचा मार्शलचा सगळा सिद्धान्त आतून विसंगत आहे, असा त्याचा हल्ला होता. छापणारे संपादक केन्सच. दहा वर्षांनी 'जनरल थिअरी' या आपल्या पुस्तकात त्यांनी मार्शल आणि पिगू या दोघांनाही मोडीत काढायच्या 'अभिजात' पंथात बसवलं, आणि त्यात पिगूंना मुख्य लक्ष्य केलं. एकाच गुरूच्या दोन शिष्यांत हे झालं. पिगू दुखावले, पण त्यांनी संबंध तोडले नाहीत.

मृत्युलेखातल्या ऐकीव भागाची झडती व्हायला मात्र साठ वर्षं लागली. ती घेतली रोनाल्ड कोझ यांनी, ज्यांना पुढे १९९१ चं नोबेल मिळालं. ते केंब्रिजचे नव्हते, आणि मार्शल गेले तेव्हा तेरा वर्षांचे होते. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी जुन्या नोंदी काढून दाखवलं की मार्शलचा जन्म केन्सनी म्हटल्याप्रमाणे लंडनच्या क्लॅपॅम या प्रतिष्ठित उपनगरात झाला नव्हता. तो झाला बर्मंडसीत, जिथे चामडी कमावण्याचे कारखाने होते. केन्सनी वडिलांना बँक ऑफ इंग्लंडचे कॅशियर म्हटलं होतं. मुलाच्या जन्माच्या वेळी ते तिथे साधे कारकून होते. आई खाटकाच्या कुटुंबातली. तिच्याबद्दल केन्सच्या लेखात जवळजवळ काहीच नाही. ही माहिती केन्सपर्यंत मार्शल पतिपत्नींकडूनच आली असणार, कारण दुसरा मार्ग नव्हता. ज्या माणसानं अनोळखी गरिबाचं चित्र शेकोटीवर लावलं होतं, त्यानं स्वतःच्या घरचं मूळ जरा उजळ करून सांगितलं असेल, किंवा सांगितलंच नसेल. केन्सना दोन महिन्यांत साठ पानं पुरी करायची होती, आणि गुरुपत्नीच्या टिपणांवर शंका घेऊन जन्माची नोंद मागवण्याची ती वेळ नव्हती. पुढच्या चरित्रकारांना वेळ होता, तरी तेही केन्सचंच वाक्य उतरवून घेत राहिले. पीटर ग्रूनवेगन यांचं मोठं चरित्र १९९५ मध्ये आलं, त्यात जन्मस्थळ बर्मंडसी आहे.